बोडीतला बेडूक

कारध्याच्या जागेश्वरला गावच्या दंडारीच्या खेळात कधी राजाचं सोंग मिळालं नाही. लहानपणी गोवर बिघडला आणि घसा बसला, तो बसलाच. सोंगं वाटताना कोणी ना कोणी म्हणायचंच, "जागेश्वरले रेड्याचं काम द्या." तेही तो मन लावून करायचा. वर्षभर धानाच्या बांधीत राबायचं आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत रेडा व्हायचं, असं चाललं होतं.

पंच्याऐंशीच्या मंडईत मुंबईहून चंद्रकांताबाई आल्या. दूरदर्शनसाठी त्या मुलांचं एक तासाचं कार्टून करत होत्या आणि त्यातल्या म्हाताऱ्या बेडकासाठी आवाज शोधत होत्या. रेडा रेकला मात्र, बाई उठून थेट सोंगं रंगवतात तिथे गेल्या आणि म्हणाल्या, "हाच माझा बेडूक!"

गावभर बोभाटा झाला. दंडारीचे मुख्य वासुदेवराव पारावर बसून म्हणाले, "दिसशीन का बे तू टीव्हीत, का निस्तंच डरांव डरांव?"

"आवाज आयकू येईन, वासुदेवराव."

"आवाज तं आमाले रोजच आयकू येते!"

त्याची बायको तुळसा चौथी शिकलेली. आठ दिवस ती चुलीपाशी बाईंनी दिलेला कागद धरून त्याला घोकवत होती. बेडकाचं मुख्य वाक्य होतं, 'हे माझं तळं आहे, मी कशाला जाऊ?' पण जागेश्वरच्या तोंडात 'ळ' काही टिकेना.

"जीभ वर लावा नं वर," तुळसा म्हणायची.

"वरच तं लावून राहिलो! अजून कुठं नेऊ, छपराच्या कवेलूवर?"

नागपूरला रेकॉर्डिंग करून तो परत आला तेव्हा तोंड उतरलं होतं. तुळसानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काय झालं?"

"चुकलो मी."

झालं होतं असं. चित्रं अजून काढायची होती, आधी आवाज भरायचा होता. त्याच्या कानावर यंत्र लावलं आणि त्यातून बगळा बोलला, 'म्हाताऱ्या, पाणी आटलं. आता चालता हो इथून.' जागेश्वरच्या डोळ्यांपुढे आपल्या शेताजवळची बोडी आली. ती बोडी, ते लहानसं तळं, बापानं खोदलं होतं आणि यानं दर उन्हाळ्यात गाळ उपसला होता. कागदावरचं सगळं विसरून तो ओरडला, "थे माही बोडी व्हय! मी कायले जाऊ?"

मग बाईंनी तेच वाक्य शुद्ध करून तीनदा म्हणवून घेतलं.

"तिन्ही खेप बरोबर म्हटलं," तो तुळसाला म्हणाला. "पण पाढे म्हणणाऱ्या पोरावाणी म्हटलं. बाई म्हणाल्या, मुंबईले ठरवू. भागलं नाही तं दुसऱ्याचा आवाज घेऊ."

ही गोष्ट त्या दोघांतच राहिली. पुढे बाईंचं कार्ड आलं, त्यात फक्त तारीख आणि वेळ होती. आवाज कोणाचा, याबद्दल अक्षर नाही. मारुतीपुढे दिवा लावताना तुळसा एकच मागायची, 'देवा, आवाज यांचाच ठेव. मंग तळं म्हणो का बोडी म्हणो.'

रविवारी संध्याकाळी अर्धं कारधं बसनं जवाहरनगरला गेलं. तुळसाचा भाऊ सेवकराम तिथल्या कारखान्यात होता आणि त्याच्या क्वार्टरात टीव्ही होता. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जागेश्वर बाहेर चपलांच्या ढिगापाशीच थांबला.

"भाटवे, आत या नं! तुमचाच कार्यक्रम हाय," सेवकरामनं आपल्या बहिणीच्या नवऱ्याला हाक मारली.

"मले आत गरमते."

कार्टून सुरू झालं. हिरवा, गलेलठ्ठ बेडूक दिसला आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. बेडूक 'डरांव' म्हणाला. वासुदेवराव म्हणाले, "हा जागेश्वरच!" पण तुळसाचा जीव खाली पडेना. डरांव काय, कोणीही करतो. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

बगळा आला. लांब मान वाकवून म्हणाला, 'म्हाताऱ्या, पाणी आटलं. आता चालता हो इथून.'

बेडूक फुगला, आणखी फुगला, पार पडदाभर झाला.

'थे माही बोडी व्हय! मी कायले जाऊ?'

तुळसा ताडकन उठली. लग्नाला सतरा वर्षं झाली, उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तिच्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. ती दाराकडे तोंड करून ओरडली, "जागेश्वर! अवो जागेश्वर, तुमीच हा! बोडी म्हणला थो, बोडी!"

तुळसानं जीभ चावली.

"आता उखाणाही घेऊन टाक, बाई," सेवकराम म्हणाला, आणि असा हशा उठला की बगळा पुढे काय बोलला ते कोणालाच ऐकू आलं नाही.

जागेश्वर चपला तुडवतच आत आला. वासुदेवरावांनी सरकून त्याला जागा दिली. तो बसला नाही. टीव्हीसमोर उभा राहून, सगळ्यांच्या आड येऊन, त्या फुगलेल्या बेडकाकडे पाहत राहिला.

"बस नं बे," वासुदेवराव म्हणाले, "आमाले तुले पाहू दे!"