तेलाचा फाग

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही. त्याच्या भोवतालच्या मंडळींवर नव्हता. दादाला पक्षाघात झाला तेव्हा कुणीतरी आम्हाला एका महाराजांच्या सत्संगाला नेलं. मंडपातले सगळे कूलर महाराजांकडे तोंड करून होते, आणि घाम भक्तांच्या वाट्याला. दादाचा उजवा पाय होता तसाच राहिला. चिमटा काढला तरी कळायचं नाही.

आमचा खरा सत्संग कळसाडी गावात, आमच्या घराच्या अंगणात रविवारी भरायचा. दादानं तरुणपणी हौसेनं घेतलेली अमेरिकन मोटरसायकल म्हणजे म्हैस परवडली, इतकं तिचं करावं लागतं. आता ते मी करायचो. तेल बदलायचं, बोल्ट आवळायचे. दादा खुर्चीत बसून डाव्या हातानं दाखवायचा. बोलणं त्याचं जवळजवळ थांबलंच होतं. फक्त गाडीजवळ त्याचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा.

वहिनीनं तोरणमाळच्या गोरखनाथाला नवस बोलला होता. होळीच्या आदल्या दिवशी दादानं गाडीकडे बोट दाखवलं. जायचं तर हिच्यावरूनच. वहिनी मला म्हणाली, "तुम्हले दोन्ही भाऊसले अक्कल शे का?" पण मागच्या सीटला आरामखुर्चीसारखी पाठ आहे. शेवटी तिनंच उपरण्यानं त्याला माझ्या कमरेशी बांधलं.

घाटात अर्ध्यावर दादानं माझ्या पाठीत गुद्दा मारला. मी दुर्लक्ष केलं. दुसरा गुद्दा बसला, आणि त्याच्यामागोमाग शब्द आले: "थांब! पाय जळी ऱ्हायना!"

मी गाडी थांबवली. दादाचा उजवा पाय काळ्या, तापलेल्या तेलानं माखला होता. इंजिनाला तेल नेणारी रबरी नळी टोकाशी फाटली होती. आणखी थोडं गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं, आणि दादाजवळ उरलेली ती एकच गोष्टही गेली असती. हे सगळं मला आधी सुचलं. कोणता पाय जळत होता, ते मागाहून.

पाय पुसला, पाण्याची बाटली त्यावर ओतली. नळीचं फाटकं टोक कापून ती पुन्हा बसवली. पण तेल रस्त्यावर सांडलं होतं, मोबाइलला रेंज नव्हती आणि ऊन डोक्यावर होतं. तेवढ्यात घुंगरं वाजली. होळीचं व्रत धरलेला एक बावा वळणावरून येत होता. अंगाला राख, कमरेला वाळक्या दुधी भोपळ्यांची माळ. हा फाग, म्हणजे होळीचं दान, मागणार म्हणून मी खिशात हात घातला. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. आधी दादाचा पाय बघितला, मग तेलाची रिकामी टाकी, आणि समोरून येणाऱ्या जीपला आडवा जाऊन नाचायला लागला.

"बावा, सकाळपासून फाग देऊ देऊ खिसा खाली व्हयना," जीपवाला म्हणाला.

"पैसा नको. इंजिनचं तेल दे."

"आते देव बी इंजिन ऑइल पेवाले लागना का?" जीपमधले सगळे हसले. पण होळीचा फाग नाकारायचा कसा? सीटखालचा डबा निघाला.

तेल टाकीत ओतलं, आमची गाडी सुरू झाली. तिच्या धडधडीवर बावानं ढोलावर धरावा तसा ठेका धरला, एक फेरी नाचला आणि उतारानं निघून गेला. नाव विचारायचं मला सुचलं नाही.

आम्ही दर्शन घेतलं. गाभाऱ्यात मी काही मागितलं नाही. मागण्याआधीच मिळालं होतं. डॉक्टर म्हणाले, संवेदना अशी कधीकधी परत येते. येत असेल. मी वाद घालत नाही. त्या रात्री वहिनी फोडावर मलम लावत होती तेव्हा दादा कळवळून ओरडला, आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.

रविवारी मी अजून बोल्ट आवळतो. ते माझं काम आहे. हँडल धरणाऱ्याला वाटतं, आपणच नेतोय. मीही तसंच समजत होतो. आता पाठीवर हात पडला की पहिल्याच वेळी थांबतो.