थेल्मानं न वाचलेली वही

थेल्मा अ‍ॅक्रॉइडला कुणीही विचारावं, कशी आहेस, की तिचं उत्तर ठरलेलं: "आमचं बरं चाललंय. आमच्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत!" घोटा मोडून सहा आठवडे प्लास्टरमध्ये होती तेव्हा हेच. धाकटी बहीण गेली त्या आठवड्यात, दफनाहून परतताना बसस्टॉपवर कुणीतरी विचारलं, तेव्हाही हेच. आमच्या यॉर्कशायरच्या या गावात सगळ्यांनाच ही खोड आहे म्हणा, पण थेल्मानं ती अगदी धर्मासारखी पाळली.

मी एव्हरिल. मॅलोरी कोर्ट या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तिच्या समोरच्याच दारात सत्तावीस वर्षं राहतेय. शाळेत जेवण वाढण्यात जन्म गेला, त्यामुळे आवाज मोठा आणि तोंड फटकळ. भाडेकरू संघाची सेक्रेटरी मीच, कारण बाकी कुणाला काउन्सिलशी, म्हणजे आमच्या घरमालक नगरपालिकेशी, भांडायला वेळ नसतो. निदान तसं म्हणतात तरी.

थेल्माच्या बेडरूमची उत्तरेकडची भिंत बारा महिने ओली. काळी बुरशी वर छतापर्यंत चढलेली. दर शनिवारी ती स्टुलावर उभी राहून ब्लीचनं ती घासायची आणि पुढच्या शनिवारी जैसे थे. कपाटातल्या कोटांवर हिरवट लव यायची. आणि त्या भिंतीला डोकं करून झोपायचा तिचा नवरा क्लिफर्ड. एकतीस वर्षं सहा नंबरची बस चालवली त्यानं. म्हातारी बाई लांबून धावत येताना दिसली की दार उघडं ठेवून थांबणारा, मागून लोक ओरडले तरी ढिम्म न हलणारा. निवृत्त झाला आणि छातीनं दगा दिला. जिना चढताना प्रत्येक वळणावर उभा राहायचा आणि आम्हाला दाखवायचा की खिडकीतून बाहेर बघतोय.

काउन्सिलनं एकदा एक तपासनीस पाठवला. त्यानं भिंतीला एक यंत्र टेकवलं आणि म्हणाला, "तुमच्या राहणीमुळे होतंय हे. घरात कपडे वाळवता, उकडता-शिजवता. आणि दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, त्याची वाफ होते."

क्लिफर्ड म्हणाला, "असं होय? मग मी जरा कमी घेत जातो."

मी तर पोट धरून हसले. आता ते आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यांना हवं होतं एवढंच: बेक लेनवर काउन्सिलनं म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांपैकी एक. कोरडी भिंत, जिना नाही. पण त्यासाठी आजारपणाचा अग्रक्रम मिळावा लागतो, आणि तो देणार काउन्सिल. थेल्मा फोन करत राहिली. प्रत्येक फोन एका निळ्या वहीत लिहून ठेवायची. तारीख, वेळ, कोण बोललं, काय म्हणालं. जवळजवळ वर्षभरात सत्तेचाळीस फोन. अक्षर असं सुबक की बघत राहावं.

त्याच सुमारास संसदेच्या एका समितीनं लोकांकडून लेखी म्हणणं मागवलं. सरकारच्या घरांच्या धोरणाची आणि काउन्सिलांच्या कारभाराची झाडाझडती घेणारी समिती. मी संघाच्या वतीनं चार पानं लिहून पाठवली. महिन्या-दीड महिन्यानं त्यांच्या कचेरीतून फोन आला. बाई फार गोड बोलली. एखाद्या भाडेकरूनं समोर बसून साक्ष द्यावी, अशी सभासदांची इच्छा आहे. हेही सांगितलं की समिती कुणा एकाचं प्रकरण हातात घेत नाही, पण स्वतःचा अनुभव जरूर सांगा.

सगळे म्हणाले, एव्हरिल जाईल. मीच म्हटलं, नाही, थेल्मा जाईल. वही तिची, भिंत तिची, नवरा तिचा. मी भांडखोर दिसेन, तिचं ऐकतील. हा शहाणपणा माझा. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

क्लिफर्डला ते मुळीच आवडलं नाही. "जा, पण तिथे माझं रडगाणं गाऊ नकोस. बिल्डिंगबद्दल बोल. टीव्हीवर दाखवतात ते सगळं. उद्या गावभर होईल, बिचारा क्लिफ, बिचारा क्लिफ."

"अरे, तुझ्याबद्दल बोलले नाही तर त्यांना कळणार कसं?" थेल्मा म्हणाली. "आणि काउन्सिलवाले बघणारच की ते. त्यांच्या कानावर जाऊ दे ना एकदा."

दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "ठीक आहे. एक वाक्य. एकच."

ते वाक्य दोघांनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तयार केलं, मी साक्षीला होते. तो एक शब्द खोडायचा, ती दुसरा घालायची. शेवटी ठरलं: "माझ्या नवऱ्यानं एकतीस वर्षं या गावासाठी बसचं दार उघडं धरलं, आणि आज त्याला स्वतःच्या खोलीत श्वास घेता येत नाही." थेल्मानं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं. "आधी फोन वाचेन, मग हे म्हणेन, आणि गप्प बसेन," ती म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये आम्ही लंडनला गेलो. मी सोबत म्हणून. थेल्मानं निळा कोट धुऊन, इस्त्री करून, दोन रात्री माझ्या घरी टांगून ठेवला होता, त्याला बुरशीचा वास येऊ नये म्हणून. आणि पिशवीत डबाभर आल्याचा केक! समितीसाठी, म्हणे. दारावरच्या पोलिसानं डबा यंत्रातून काढला, उघडून बघितला, तर तिनं त्याच्याच हातात एक वडी ठेवली. तो बिचारा लाजला. मी म्हटलं, "थेल्मा, आपण भांडायला आलोय, पाहुणचाराला नाही." ती म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं जायचं गं?"

समितीची खोली मोठी, टेबल घोड्याच्या नालासारखं. सभासद तीन बाजूंनी, साक्षीदार उघड्या बाजूला. थेल्माच्या शेजारी बर्मिंगहॅमच्या एका संस्थेचा माणूस होता. मी मागच्या खुर्च्यांवर, प्रेक्षकांत. तिथे बसणाऱ्यानं तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, काढला तर बाहेर, असं आत येतानाच बजावलं होतं. मला तिथून फक्त थेल्माची मान आणि टेबलावरची वही दिसत होती.

पहिला अर्धा तास बर्मिंगहॅमवालाच बोलला. आकडे, टक्के, कलमं. चुकीचं नव्हतं काही, पण थांबेल तर शपथ! मग अध्यक्षबाई थेल्माकडे वळल्या. पांढऱ्या केसांची, मायाळू चेहऱ्याची बाई. "मिसेस अ‍ॅक्रॉइड, आता तुमचं ऐकायचंय आम्हाला. घाई करू नका."

थेल्मानं चष्मा लावला. वही उघडली. घसा साफ केला. "पहिला फोन मी केला सहा नोव्हेंबरला," ती म्हणाली, आणि तेवढ्यात घंटा वाजायला लागली.

मतदानाची घंटा. सभागृहात मत टाकायचं असलं की ती वाजते, आणि आठ मिनिटांत पोचलं नाही तर दार बंद. सगळे सभासद कागद टाकून उठले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "माफ करा हं, बैठक थोडा वेळ थांबवतो," आणि त्याही पळाल्या. थेल्मा तशीच बसून राहिली, बोट वहीतल्या त्या ओळीवर. तिनं मागे बघितलं तर खूण करावी म्हटलं, पण ती वळली नाही.

एक मतदान संपलं, लागोपाठ दुसरं झालं. पाऊण तासानं सभासद परतले, त्यातले निम्मेच. धापा टाकत, कपाळ पुसत. एक म्हातारा सभासद तर खुर्चीचा हात धरून उभा होता. अध्यक्षबाई म्हणाल्या, "फार वेळ गेला, आणि मंत्र्यांच्या खात्याची माणसं बाहेर ताटकळताहेत. मिसेस अ‍ॅक्रॉइड, मला खरंच वाईट वाटतं. थोडक्यात सांगाल? सध्या तुमचं घरी कसं चाललंय?"

आणि थेल्मानं वही मिटली. मला कळलं होतं ती काय बोलणार.

"आमचं बरं चाललंय," ती म्हणाली. "मी नि माझा नवरा निभावून नेतो. आमच्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत. त्यांचं बघा तुम्ही."

"आणखी काही सांगायचंय?"

"नको. तुम्ही दमला असाल. फार चांगलं वागवलंत आम्हाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून ओरडावं, खोटं बोलतेय ती, तिचा नवरा मरतोय! पण त्या खोलीचा दरारा असा, की चारशे पोरांना एका हाकेत गप्प करणारी मी, मूग गिळून बसले. बाहेर काढलं असतं मला, एवढंच ना? काढलं असतं तर काढलं असतं.

परतीच्या गाडीत वेकफिल्ड येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. मग तीच म्हणाली, "कसे धावत आले होते गं ते. त्यांचा आणखी वेळ कसा खायचा?"

आठवड्यानं साक्षीची छापील प्रत आली, चुका दुरुस्त करून पाठवा म्हणून. मी त्यात वहीतलं सगळं घुसडलं, ते वाक्यही. त्यांनी नम्रपणे कळवलं: टिपून घेण्यात चूक झाली असेल तर सुधारू, जे बोललं गेलं ते बदलता येत नाही. पण पुरवणी म्हणून वेगळं पत्र पाठवा, आम्ही जोडून घेऊ. थेल्मा म्हणाली, "लिहिते ना, याच आठवड्यात लिहिते." पुढच्या आठवड्यातही तेच. मी लिहून तिची सही घेऊ शकले असते. पण मी रागात होते. तीन आठवडे मी तिच्याकडे चहालाही गेले नाही. राग कसला, माज होता माझा.

नोव्हेंबरच्या शेवटी काउन्सिलचं पत्र आलं. बेक लेनसाठी अग्रक्रम नाकारला होता. कारणांमधलं तिसरं असं: अर्जदार बाईंनी स्वतःच संसदेच्या समितीसमोर सांगितलं आहे की त्यांचं घरी बरं चाललं आहे.

क्लिफर्डनं पत्र वाचलं, घडी केली आणि म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं? शोभा केली नाहीस माझी. शहाणी ती." थेल्मा स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ सोडला. भांडी नव्हती घासायला, मी पाहिलं.

जानेवारीत त्याला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस हॉस्पिटलात होता. दहाव्या दिवशी गेला. त्याच्या दफनाला सहा नंबरची बस आली होती, डेपोतल्या लोकांनी आणलेली, आणि दार उघडं ठेवून ती दफनभूमीबाहेर उभी होती. मी तेव्हा रडले ते थांबलेच नाही. फाटकाशी पाद्रीबाबांनी थेल्माचा हात हातात घेऊन कशी आहेस म्हणून विचारलं, आणि ती त्यांना काय म्हणाली असेल ते मी सांगायला नको.

मार्चमध्ये समितीचा अहवाल आला. चांगला होता हो, खोटं कशाला बोलू? ओलीचा दोष भाडेकरूंच्या श्वासाला देऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सरकारनं दोन महिन्यांत उत्तर द्यायचं होतं. मागे साक्षीदारांच्या यादीत थेल्माचं नाव. तिनं तो पावाच्या डब्याखाली ठेवला.

त्याच आठवड्यात गॅसची वार्षिक तपासणी करणारा ग्रॅहम आला. दरवर्षी येतो, क्लिफर्डशी फुटबॉलवर वाद घालतो. क्लिफर्ड गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. बॉयलरचं झाकण लावता लावता तो म्हणाला, "काय थेल्मा, बरं चाललंय ना?"

मी तिथेच होते, चहा ओतत. थेल्माचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग ती म्हणाली, "नाही."

ग्रॅहमनं पेचकस खाली ठेवला.

"नाही चाललंय बरं. बस तू." तिनं खणातून निळी वही काढली, चष्मा लावला. "पहिला फोन मी केला सहा नोव्हेंबरला. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी." आणि ती वाचत गेली. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. ग्रॅहमचा फोन दोनदा वाजला, त्यानं तो बंद केला. शेवटचं पान आलं. "माझ्या नवऱ्यानं एकतीस वर्षं या गावासाठी बसचं दार उघडं धरलं," ती म्हणाली, आणि ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही. ग्रॅहम टोपी हातात धरून बसला होता.

मग त्यानं सहीसाठी आपलं यंत्र पुढे केलं. खाली एक रकाना होता. "रहिवाशाचं काही म्हणणं असेल तर लिहायचं असतं इथे," तो हळूच म्हणाला. "काउन्सिलकडे जातं ते. काय लिहू, थेल्मा?"

थेल्मानं डोळे पुसले, वही मिटली. "राहू दे रे बाळा. तुला उशीर होतोय. पुढच्या घरी वाट बघत असतील."

मी चहाची किटली खाली ठेवली.

"लिही, ग्रॅहम," मी म्हटलं. "ती नाही सांगायची. मी सांगते."