बाबांचं फिकं चिकन

बाबांनी चहाखेरीज काही शिजवलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. म्हणून आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका रविवारी मी साकेत नगरच्या घरी गेले आणि त्यांनी स्वतः केलेलं चिकन माझ्या पुढ्यात ठेवलं, तेव्हा कौतुक वाटायच्या आधी मला संशय आला.

आमच्याकडे चिकन म्हणजे रस्सा. आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि येताना तिथलं तिखटही घेऊन आले. कांदा-खोबरं काळसर होईपर्यंत भाजायचं, वर लालभडक तर्री. बाबा त्या तर्रीत भाकरी बुडवायचे, नाक पुसायचे आणि आणखी मागायचे. आणि आता ताटात हे फिकं, पिवळसर, हिरव्या ठिपक्यांचं काहीतरी. वर वास संत्र्याचा.

"यात संत्रं घातलंय?"

"थोडा रस. आणि लिंबू. कोथिंबीर, पुदिना, लसूण, मिरपूड. सगळं लावून जरा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचं आणि झाकण घालून शिजवायचं. रात्रीच्या जेवणाची काही कटकटच नाही."

"आपण नागपूरचे, बाबा. चिकनमध्ये संत्रं?"

"मग नागपूरच्यांनी नाही घालायचं तर कोणी घालायचं?" ते हसले. पण माझ्याकडे न बघता हसले.

पहिल्या घासाला मांस मऊ लागलं, आंबटपणा छान उतरला होता, लसूण मागून येत होती. तरी काहीतरी राहून गेलं होतं. मी मीठ मागितलं.

"संपलंय. आणायचं राहिलं."

पुदिना अगदी ताजा आणि मीठ संपलेलं, हे काही मला पटलं नाही. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाले, मोबाईलवर पाहिलं. मोबाईलवर आलेला फोटो उघडत नाही म्हणून मला ऑफिसात फोन करणारे हे गृहस्थ. मी हात धुऊन गॅलरीत गेले तर आईच्या रिकाम्या कुंडीत पानओवा लावलेला. हा कुठून आला, तर म्हणे, "आपोआप उगवला."

मिसरोदला आमच्या घरी परतताना, न्यायला आलेल्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गाडी चालवत म्हणाला, "चांगलं आहे की. माणूस करून खायला लागला." त्याच्या वडिलांनी असं चिकन केलं असतं तर कळलं असतं त्याला.

पुढचे कितीतरी रविवार तेच चिकन. कधी ओव्याची पानं जास्त, कधी संत्र्याची साल किसून घातलेली. ओट्यावर निळ्या झाकणाचा काचेचा डबा दिसला. आमच्या घरातला नव्हे. "ऑफरमध्ये मिळाला," बाबा म्हणाले. पायात नवे पांढरे बूट आले. पोट उतरलं, पट्ट्याला नवं भोक पडलं. आणि एकदा मी आत असताना त्यांचा फोन वाजला. तो घेऊन ते गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. तरी ऐकू आलंच. "हाँ, लगा दिया है. नहीं नहीं, ज़्यादा देर नहीं रखूँगा."

आईशी सुद्धा ते कधी इतक्या हळू आवाजात बोलले नव्हते.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी उरलंसुरलं काम केलं. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बाबा हल्ली संध्याकाळी जोडीने फिरायला जातात हो. तुला ठाऊकच असेल म्हणा."

मी म्हटलं, हो, ठाऊक आहे.

जोडीने. तो शब्द घरापर्यंत माझ्या कानात राहिला. बाबांना एकटं वाटत असेल हे मला कळत होतं, मी काही जुन्या वळणाची नाही. पण लपवतात कशाला? आणि तिच्या हातचं खाऊन मला ते स्वतःचं म्हणून का वाढतात? दुसरी शंका याहून वाईट होती. मीठ दर वेळी संपलेलंच असायचं. मी एकदा पिशवी आणून दिली, तरी पुढच्या रविवारी पुन्हा संपलेलं. बाबा विसरायला लागलेत की काय? कोणी त्याचा फायदा तर घेत नाही ना? या दोन्हींतलं काय खरं निघालेलं मला परवडेल, तेही ठरवता येईना.

शेवटी एका बुधवारी ऑफिसातून लवकर निघाले आणि न सांगता गेले. घराला कुलूप. माझ्याकडची किल्ली लावून आत शिरले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. मिठाची बरणी धुऊन पालथी घातलेली. लोणच्याच्या बरण्या गायब. मी दिलेली पिशवी फोडलेलीही नव्हती, वरच्या फळीवर मागे सारून ठेवली होती. म्हणजे विसरले नव्हते. फ्रिजमध्ये चिकनचे दोन डबे, एक आपला स्टीलचा आणि एक तो निळ्या झाकणाचा.

एकट्या माणसाला दोन डबे.

मी बाहेरच्या खोलीत बसून राहिले. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं. "बाबा, मला वाईट वाटलं ते तुमच्या लपवण्याचं," अशी सुरुवात करणार होते.

दिवेलागणीला दार उघडलं. बाबा, आणि त्यांच्यामागे एक उंच बाई. पिकलेले केस खांद्यापर्यंत कापलेले, सलवार-कुर्ता, पायात बाबांसारखेच पांढरे बूट, हातात पुदिन्याची जुडी. दोघं मला बघून उंबऱ्यातच थांबले.

"तू? आज?" बाबा म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "बेटी है ना? तो अब बता दीजिए. बहुत हो गया."

"सांगा ना," मी म्हटलं. "मी ऐकायलाच आलेय."

बाबा खुर्चीवर बसले, वाकून बुटाची नाडी सोडायला लागले आणि तसेच, मान खाली घालून म्हणाले, "दिवाळीनंतर स्टेंट घातला मला."

माझ्या तोंडात ते जुळवलेलं वाक्य तयार होतं. ते तसंच राहिलं.

"कुठे?"

त्यांनी खिडकीकडे हात केला. पलीकडे हॉस्पिटलची उंच इमारत दिसत होती. आई तिथेच गेली.

"तुम्ही तर तेव्हा इंदूरला मित्राकडे गेला होतात."

"नव्हतो गेलो."

"मग सही कोणी केली? घरचं माणूस लागतं ना?"

बाबा नाडीची गाठ सोडवत राहिले. बाईच म्हणाल्या, "मैंने की. रिश्ते में पड़ोसी लिखवाया."

त्या दोन गल्ल्या सोडून राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा कधीच गेलेला. ब्लडप्रेशर दाखवायला त्याच हॉस्पिटलात जायच्या आणि तिथल्या बाकावर बाबांची ओळख झाली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच विचारलं, "आप होती कौन हैं साइन करने वाली?"

त्या चिडल्या नाहीत. "यही मैंने इनसे पूछा था. बोले, कोई भी कर दे, बस बेटी को मत बुलाना."

मी बाबांकडे वळले. त्यांनी एक बूट काढला होता, दुसरा पायात तसाच.

"आईच्या वेळी तू त्या इमारतीत किती दिवस काढलेस," ते म्हणाले. "जमिनीवर चादर टाकून झोपायचीस. तेव्हाची नोकरी गेली तुझी. तू पुन्हा तिथे बसलेली मला बघवली नसती."

"आणि तुम्हाला काही झालं असतं तर? मला ते काकूंकडून कळलं असतं?"

मला रडू आलं, पण त्या बाईंसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. त्या मागून आल्या, नळाखाली हात धुतले आणि फ्रिज उघडला.

"पहले खाना बना लेते हैं. नींबू में ज़्यादा देर रहा तो गोश्त आटे जैसा हो जाएगा."

आईच्या ओट्यावर त्या उभ्या राहिल्या आणि मी दारात. त्यांनी कढईत जेमतेम तेल घातलं, मुरलेले तुकडे निथळून एकेक मांडले आणि दोन्ही बाजूंनी रंग येईपर्यंत हलवले नाहीत. मग राहिलेला रस ओतून झाकण घातलं. आंबट आणि हिरव्या पानांचा वास घरभर झाला. संत्र्याची साल अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. डॉक्टरांनी मीठ तोडलंय म्हणून आंबट जास्त घालायचं, म्हणजे जिभेला चुकल्यासारखं वाटत नाही, असं त्या वर्गात सांगावं तसं सांगत होत्या.

"दो डिब्बे किसलिए?" मी विचारलंच.

"एक इनका, एक मेरा. मैं अपने घर जाकर खाती हूँ." झाकण उचलून त्यांनी तुकडा टोचून पाहिला. "आप जो सोच रही थीं, उसमें तो एक ही डिब्बा काफ़ी था."

मला हसू आलं, ते मी दाबलं. पण त्या दिवशी त्यांना घरी जाऊ दिलं नाही. तिघं एकत्र जेवलो. बाबा ताटाकडे बघत जेवत होते, शाळेतून तक्रार आलेल्या पोरासारखे.

त्यांच्यात आणखी काही आहे का, हे मी नंतर एकदा सरळ विचारलं. बाबा म्हणाले, "मलाही नीट माहीत नाही. फिरायला बरं वाटतं." एवढ्यावर मी सोडून दिलं. लपवल्याबद्दल मात्र अजून पूर्ण माफ केलेलं नाही. तपासणीला आता मी जाते, आणि "ठीक आहे" हे त्यांचं उत्तर मी उत्तर धरत नाही. बाईंना फोन करते.

परवा त्यांचाच आला. "आज ज़ीना चढ़ते हुए बीच में रुके थे. कहेंगे नहीं."

मी लगेच बाबांना फोन लावला. "जिन्यात थांबला होतात का?"

त्यांनी उलट विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"मोबाईलवर पाहिलं," मी म्हटलं आणि डॉक्टरांची वेळ घेतली.