तांगारानाखालचं गवत

"कोमाद्रे, तांगारानाखालचं गवत माणसानं उपटायचं कधीपासनं सुरू झालं?"

ब्रिहिदा कानायो वाकली होती ती तशीच राहिली. मुठीत मुळासकट आलेलं गवत, नखांत माती. पाठीमागं सिक्स्तो आवानारी उभा होता. त्याच्या लेकीच्या बारशाला तिनंच पोरीला हातावर घेतलं होतं, धर्माची आई झाली होती, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा. गावानं त्याला टाकलं, तरी हा शब्द त्यानं टाकला नव्हता. दर खेपेला तो तिला काट्यासारखा रुतायचा.

"अंगण झाडत झाडत आले हितवर."

"अंगण तिकडं हाय."

"तुला कामं न्हाईत व्हय रे?"

"मला कोण बोलवतंय कामाला? समदा गाव रान तोडाय गेलाय. मी आन् कोंबड्या, एवढंच मागं राहिलोय. म्हणून तर दिसलीस."

काय सांगणार? तांगारानाखाली गवत नसतंच, हे उकायाली नदीच्या काठावरचं शेंबडं पोरसुद्धा जाणून असतं. झाड आतनं पोकळ, त्या पोकळीत मुंग्यांचा संसार. झाड त्यांना घर देतं आणि मुंग्या झाडाची चाकरी करतात. वेल चढला की तोडतात, अळी दिसली की फेकतात, बुंध्याशी काडी उगवली तर कुरतडून वाळवतात. भुई सारवल्यासारखी लख्ख. आणि कुणी खोडाला नुसता हात टेकला, तरी फांद्याफांद्यांतनं अशा ओततात की माणूस आईचं नाव घेत नदीत उडी मारतो. म्हणून तर गाव चोराला तांगारानाला बांधतं. खरं काय ते झाडच वदवून घेतं, असं म्हणत.

गावाच्या होडीचं इंजिन चोरीला गेलं, तेव्हा संशय दोघांवर होता. इंजिन राखायची पाळी ज्यांची होती ते हे दोघं: सिक्स्तो आणि ब्रिहिदाचा धाकटा भाऊ निल्वेर. मुखियानं निवाडा दिला, दोघांना एकाच वेळी बांधायचं, ज्याला त्याला त्याच्या घराजवळच्या झाडाला. सिक्स्तोला वरच्या आळीतल्या, निल्वेरला ब्रिहिदाच्या परसातल्या.

आदल्या दिवशी निल्वेर तिच्या चुलीपाशी बसून रडला. दारूच्या नादात इंजिन विकलं म्हणाला. ब्रिहिदानं आधी त्याच्या थोबाडीत दिली, मग बार्बास्कोची मुळी काढली, माशांना गुंगी आणायची ती. गाव फुटबॉल बघाय गेलेला. तिनं मुळी ठेचली, दुधासारखं पाणी काढलं आणि खोडाच्या भोकाभोकांत ओतलं. खालच्या भोकांत ओतून वरच्या भोकांत ओतेस्तवर मुंग्यांचा सडा पडला. चावून घेतलं, ओरडली नाही. मेलेल्या मुंग्या टोपलीत भरून नदीत सोडल्या.

दुसऱ्या दिवशी निल्वेर बांधलेला तसाच उभा राहिला, अंगावर एक फोड नाही. लोक म्हणाले, झाडानं याला शिवलं नाही, हा धुतल्या तांदळासारखा. तिकडं वरच्या आळीत सिक्स्तोचं किंचाळणं साऱ्या गावानं ऐकलं. त्यानं कबूल काहीच केलं नाही. पण आता कबुली हवी होती कुणाला? दोनातला एक सुटला, म्हणजे राहिला तो चोर. तापात पडला, उठला तोवर बायको पोरीला घेऊन माहेरी गेलेली. मासातोचा, कसाव्याच्या दारूचा वाडगा त्याच्यापाशी आला की त्याला न देताच पुढं सरकायचा. निल्वेर पुकाल्पा शहराला गेला तो गेलाच.

मागं राहिलं हे झाड. मुंग्या गेल्या तशी अळ्यांनी पानांची चाळण केली, वेल चढले, बुंध्याशी हिरवं दिसाय लागलं. तेव्हापासनं मुंग्यांचं काम ब्रिहिदा करत होती. गाव रानात गेला की वेल तोडायची, गवत उपटायचं. एकदा तर वरच्या आळीतल्या झाडाची फांदी मुंग्यांसकट तोडून आणून ह्या झाडाला बांधली. मुंग्या चार दिशांना पांगल्या. हात कोपरापर्यंत सुजला, आणि त्या रात्री तिला कधी नव्हे ती झोप लागली.

सिक्स्तो पुढं झाला. त्यानं हात उचलला, थांबला. सगळं अंग आक्रसलं त्याचं. मग त्यानं सबंध पंजा खोडावर टेकवला.

काही झालं नाही.

पंजा तसाच ठेवून तो म्हणाला, "कधीपासनं?"

"तुला बांधायच्या आदल्या दिवसापासनं."

"निल्वेरसाठी."

"व्हय."

"आन् मी?"

त्या दिवशी तिनं सिक्स्तोचा विचार केला होता. केलाच नसता तर बरं झालं असतं. तो दमाचा गडी आहे, सोसेल, असं तिनं मनाशी म्हटलेलं होतं.

"तू सोसशील असं वाटलं," ती म्हणाली.

"सोसलं की."

तो हसला, पण ते हसणं बघवेना.

"मी जाऊन सांगितलं तर माझं कोण ऐकंल, कोमाद्रे? म्हणतील, चोर आता झाडावर ढकलाय लागला. मुंग्या ह्यानंच मारल्या म्हणतील."

एवढं बोलून तो गेला. सांग म्हणाला नाही, सांगू नको म्हणाला नाही. ब्रिहिदानं मुठीतलं गवत टाकलं. अजून अर्धं उपटायचं राहिलं होतं. ते तिनं तसंच ठेवलं.

परतली तर काहील तापून धुरावलेली, आणि रानातनं आधीच परतलेली शेजारची एदुविना कसाव्याच्या किसाची पाटी टेकवून बसलेली. फारिन्या, म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, दोघी एकाच काहिलीत भाजायच्या. एदुविनाच्या कानावर पडलेलं जेवायच्या आत घाटावर पोचायचं.

"अगं, कुठं होतीस? आन् तो चोरटा काय मागत हुता तुझ्या परसात? कोंबड्या मोजून घे बाई."

ब्रिहिदानं पाटी उचलली, कीस काहिलीत ओतला. वाफेनं तोंड झाकलं.

"त्याला चोर म्हणू नगंस."

"मग काय पाद्री म्हणू?"

"इंजिन निल्वेरनं विकलं. झाडातल्या मुंग्या मी मारल्या, बार्बास्को घालून. जाऊन हात लाव, चावतंय का बघ."

रिकाम्या पाटीसाठी पुढं केलेला एदुविनाचा हात तसाच राहिला. ती झाडाकडं बघाय लागली, मग ब्रिहिदाकडं.

"तुला बांधतील गं," ती शेवटी हळू म्हणाली.

"बांधूदेत. वरच्या आळीतल्या झाडाला बांधा म्हणावं, ह्याचा काय उपेग न्हाई."

एदुविना उठली. आधी चालत गेली, मग परसाच्या कडेपासनं पळाय लागली.

काहिलीत कीस खाली धरत होता. ब्रिहिदानं ढवळायचं वल्हं घेतलं आणि तळापासनं हलवाय लागली.