तुला काय करायचंय?

रविवारी दुपारी माझ्या लेकीने, मुक्ताने, मला तिचा खेळ शिकवायला घेतला. त्याला कागद, पेन्सिल आणि दोन फासे एवढंच लागतं. ती गोष्ट सांगणार, माझ्या पात्राने काय करायचं ते मी ठरवणार, आणि ते जमलं की नाही हे फासे सांगणार. मी जादूगारीण झाले.

"समोर जंगल आहे, पलीकडे राक्षसाचा किल्ला. तुझे गोष्टीतले बाकीचे सोबती निघालेत. तू काय करतेस?"

"तुम्ही व्हा पुढे, मी सामान सांभाळते," मी म्हणाले.

मुक्ता हसली नाही. "आई, इथे तुला उडतासुद्धा येतं. तुला काय करायचंय?"

पन्नाशी उलटलेल्या बाईला एवढंही सुचू नये, याची भीती वाटली. हा प्रश्न मला याआधी कुणी कधी विचारला होता, तेही आठवेना.

पुढच्या आठवड्यात धाकट्या बहिणीला, सुमनला, मी तोच खेळ शिकवला. गोष्ट जंगलापाशी आली तेव्हा विचारलं, "तू काय करतेस?"

ती हळूच म्हणाली, "ताई, जायचं असेल तर कुणाला विचारावं लागतं?"

नियमांत तसं काहीच नव्हतं. तरी "कुणालाच नाही" असं मला पटकन म्हणता आलं नाही.