मिठागराच्या रस्त्यावर थांबणारी गाडी

भुताखेताचं नाव काढलं की टिंगल करणाऱ्यांतला मी. आजही करतो... फक्त आमच्या मिठागराच्या रस्त्याचा विषय निघाला की मान खाली जाते.

मी उरणचा. एका कंपनीच्या विनाड्रायव्हर गाडीची इथे टेस्ट चालते. स्टिअरिंगमागे बसायचं, हात मांडीवर, पाय ब्रेकजवळ – एवढीच माझी नोकरी. गावचा माणूस बसलेला दिसला की लोकांना भरवसा वाटेल, म्हणून मला घेतलं.

मार्चमधली, सकाळी अकराची गोष्ट. आमच्या आळीतली सुंदरकाकी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. गाडीने वेग कमीच केला नाही. डोक्यावर पाटी असलेलं माणूस तिला माणूस वाटेना. मी कचकन ब्रेक दाबला. हातभर अंतर राहिलं. काकी हसली, "बरी थांबली रं. शानी हाय तुजी गाडी."

मी मान डोलावली. संध्याकाळी कंपनीच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "परवा गावकऱ्यांना डेमो आहे, उगाच लिहू नकोस." मी रिपोर्टात 'सर्व ठीक' लिहिलं. लाज वाटते सांगताना, पण लिहिलं.

डेमोला गाडी नेमकी त्याच जागी आपणहून थांबली. रस्ता मोकळा! आतल्या स्क्रीनवर मात्र बाईची आकृती – डोक्यावर पाटी. साहेबांनी लगेच सांगितलं, "बघा, नुसती शंका आली तरी थांबते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर इंजिनिअर आले, कॅमेरे बदलले, अख्खी गाडी बदलली. नवी गाडीही तिथेच थांबते. रेकॉर्डिंगमध्ये रस्ता रिकामा.

इथवर सगळं गमतीचं वाटेल. पण गेल्या आठवड्यात पुढच्या वळणावर काकी गाडीकडे न बघताच रस्त्यात उतरली. तिथे गाडी थांबली नाही. पुन्हा मीच ब्रेक मारला, आणि खाली उतरून काकीला सगळं सांगून टाकलं... त्या दिवशीही मीच थांबवली होती, काकी. गाडीला तू दिसलीच नव्हतीस.

काकीने पाटी खाली ठेवली. ओरडली नाही. "गाडीचं काय, ती लोखंड हाय. आमी भरवसा तुज्यावर ठेवला व्हता. एवढे दिस का न्हाय बोललास?"

खरा रिपोर्ट मी त्याच दुपारी पाठवला. गाडी रिकाम्या रस्त्यावर का थांबते, ते कंपनीला अजून सापडलेलं नाही. आणि एवढे दिवस का बोललो नाही, हे काकीला काय सांगायचं, ते मलाही.