चाळीस शेअरचे मालक

वणीची बस कोळशाच्या खाणीजवळ आली की शेषरावकाका खिडकीबाहेर डोकावायचे आणि समाधानाने म्हणायचे, "काम बराबर चालू आहे." कंडक्टर ओळखीचा. तो म्हणायचा, "मालक, मंग बसनं कायले फिरता? मोटार घ्या ना."

"चाळीस शेअरचा मालक आहो बाप्पा. तेवढ्यात मोटारीचा हॉर्न बी येत नाही."

काका आमचे शेजारी. त्या खाणीत त्यांनी आयुष्यभर डंपर चालवला. कंपनीने शेअर विकायला काढले तेव्हा थोडे कामगारांसाठी राखीव होते. सोबतच्यांनी घेतले आणि भाव चढताच विकले. काकांनी ठेवले. बहुधा त्यांना 'मालक' हा शब्दच आवडला असावा.

गेल्या वर्षी कंपनीची वार्षिक सभा मोबाइलवर होती. काकांनी बोलण्यासाठी माझ्याकडून नाव नोंदवून घेतलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. कोळशाच्या गाड्यांची धूळ रस्त्याकाठच्या कापसावर बसते. रस्त्यावर पाणी मारा, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

मला मात्र धडकी भरली होती. वर्गात एकदा माझ्या तोंडून 'मले' निघालं आणि सगळे हसले, तेव्हापासून मी तिथे बोलतच नव्हते. "काका, लिहून देते, तसंच वाचा," मी म्हणाले.

"काहून? मालकानं आपल्या भाषेत बोलू नाही?"

त्यांचा नंबर आला. पडद्यावर कोटातली माणसं. काका ताठ बसले. "नमस्कार. आपल्या गाड्या आमचा कापूस काया करून राह्यल्या. रोडवर पानी मारा."

कोणी हसलं नाही. मधले साहेब मराठीत म्हणाले, "नोंद घेतली." मला एकदम हलकं वाटलं.

मग मतदान. इथे मत माणसाला नाही, शेअरला असतं. निम्म्याहून जास्त शेअर ज्याच्याकडे, त्याचंच चालतं, असं मी सांगितलं.

"म्हंजे पंचायतीत मी अन् पाटील बराबर, इथं नाही?"

"नाही, काका."

"मंग बोललो तेच बरं झालं. बोलताना तं मी पुरा एक होतो."

आता रस्त्यावर अधूनमधून पाणी मारतात. काकांमुळेच, असं मी म्हणू शकत नाही.

परवा सरांनी वर्गात विचारलं, "कंपनी कोणाची असते?" मी हात वर केला. "सर, मले वाटते..." मागे कोणीतरी हसलं. मी बोलत राहिले.

संध्याकाळी काकांचा फोन आला. ते हल्ली पुसदला लेकीकडे असतात. "काम बराबर चालू आहे ना?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"बराबर चालू आहे, मालक."